बाळ घरी गेल्यावर

गरीब देशात बाळ का दगावते, हे कुणी समजावून सांगावे लागत नाही. पोटभर अन्न नाही, स्वच्छ पाणी नाही, दवाखाना कोसभर दूर. पण जिथे यातले काहीच कमी नाही, तिथे काय? पैसा आला की बाळे वाचतात, असे आपण सारे धरून चालतो. ही समजूत बऱ्याच अंशी खरी आहे. पण पूर्ण खरी नाही.

अमेरिकेचेच उदाहरण घेऊ या. आरोग्यावर माणशी सर्वाधिक खर्च करणारा हा देश. तरीही २०२२ साली तिथे जिवंत जन्मलेल्या दर हजार बाळांमागे ५.६ बाळे पहिल्या वाढदिवसाआधी मरण पावली. जपान आणि फिनलंडमध्ये हेच प्रमाण सुमारे २ आहे. म्हणजे अडीच पटीहून अधिक फरक! असे का व्हावे?

पहिले उत्तर मोजणीचे आहे. दिवस भरण्याच्या फार आधी जन्मलेल्या, मूठभर वजनाच्या बाळाने एखादाच श्वास घेतला, तर अमेरिकेत त्याची नोंद बहुधा जिवंत जन्म आणि मग मृत्यू अशी होते. काही देशांत असा जन्म गर्भपातात किंवा मृतजन्मात गणला जातो. त्या श्वासाला मोजणे ही चांगलीच गोष्ट आहे. आकडा वाईट दिसला म्हणून लगेच एखाद्या देशाला दोष देऊ नये, एवढे यातून शिकावे. पण प्रश्न इथे संपत नाही. अ‍ॅलिस चेन, एमिली ऑस्टर आणि हायडी विल्यम्स या अभ्यासकांनी २०१६ साली आपले संशोधन प्रसिद्ध केले. मोजणीतल्या फरकाने तफावतीचा फार तर ४० टक्के भाग उलगडतो, असे त्यांना आढळले.

दुसरे उत्तर अकाली प्रसूतीचे. अमेरिकेत सुमारे दहा बाळांमागे एक बाळ दिवस भरण्याआधी जन्मते; फिनलंडमध्ये हे प्रमाण बरेच कमी आहे. गरोदर स्त्रीची प्रकृती, तिचे वय, तिला वेळेवर मिळालेली तपासणी, तिच्या डोक्यावरचा ताण, हे सारे त्यात आले.

मग अमेरिकेतली इस्पितळे कमी पडतात काय? मुळीच नाही. सारख्याच वजनाच्या बाळांची तुलना केली, तर पहिल्या महिन्यात अमेरिकेतली बाळे युरोपातल्या बाळांइतकीच वाचतात. काचेची पेटी, डॉक्टर, परिचारिका आपापले काम चोख करतात. खरी दरी पडते ती पहिल्या महिन्यानंतर, म्हणजे बाळ घरी गेल्यावर! आणि तीही सगळ्या घरांत नाही. शिकलेल्या, सुस्थितीतल्या मातांची बाळे युरोपातल्या बाळांच्या बरोबरीने जगतात. दगावतात ती मुख्यतः कमी शिकलेल्या, एकट्या, हलाखीत राहणाऱ्या मातांची. त्यात वर्णाचा भेद वेगळाच. २०२२ साली कृष्णवर्णीय मातांच्या हजार बाळांमागे सुमारे ११ बाळे गेली, तर गोऱ्या मातांची साडेचार. आई शिकलेली असली तरी हा भेद पुरता मिटत नाही.

इथे नीतीचा प्रश्न उभा राहतो. ही बाळे कुणाच्या दोषामुळे गेली? ‘आईने काळजी घेतली नाही’, असे म्हणणे सोपे आहे. बाळाला उताणे झोपवावे, त्याच्याजवळ धूम्रपान करू नये, हे आईबापांचे कर्तव्यच आहे. ते आम्ही नाकारत नाही. पण प्रसूतीनंतर दोन-तीन आठवड्यांत जिला कामावर परतावे लागते, तिने काय करावे? अमेरिकेत १९९३ च्या कायद्याने काही नोकरदारांना बारा आठवड्यांची रजा मिळते, तीही बिनपगारी. सर्वांना पगारी रजा देणारा राष्ट्रीय कायदा तिथे आजही नाही. ज्याला पर्यायच नव्हता, त्याच्यावर निष्काळजीपणाचा ठपका कसा ठेवायचा?

फिनलंडने १९३८ पासून गरीब मातांना आणि १९४९ पासून सर्व मातांना बाळाचे कपडे-सामान भरलेला खोका द्यायला सुरुवात केली. रिकामा झाला की तोच बाळाचा बिछाना! अट एकच: चौथा महिना संपण्याआधी तपासणीला यायचे. खोक्याने बाळे वाचवली, असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. पण त्या निमित्ताने आईची एका परिचारिकेशी ओळख झाली, आणि ती ओळख पुढेही टिकली. श्रीमंत असो वा गरीब, कुणालाही हात पसरावा लागला नाही.

हे शहाणपण आपल्याला परके नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्याच बायकांना शिकवून बाळंतिणीच्या घरी पाठवले. तिथे नवजात बालकांचे मृत्यू निम्म्याहून अधिक घटले, हे १९९९ साली जगापुढे आले. आज आशाताई घरोघरी जातात, त्यामागे हाच अनुभव आहे.

संकटात धावून जाणे आपल्याला जमते. जीव धोक्यात आला की वर्गणी जमते, रक्तदाते मिळतात, रात्री-अपरात्री गाडी निघते. ही दया मोलाचीच आहे. पण संकट येऊच नये म्हणून रोज थोडे थोडे करत राहणे, याला आम्ही न्याय म्हणतो. तो कुणाच्या डोळ्यांत भरत नाही, त्याचे फोटो निघत नाहीत. वाचलेल्या बाळाच्या आईलाही कळत नाही की आपले बाळ कशातून वाचले.

बारशाला आपण सगळेच जातो. पाहुणे परतल्यावर, दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात, त्या घराचे दार कोण ठोठावते? आपल्या आळीत एखादी बाळंतीण एकटी असेल, तर या आठवड्यात आपण तिच्याकडे जाऊन येऊ या. तास-दोन तास बाळाला सांभाळू या, तिला थोडी झोप मिळू द्या.