मातृसेवा कोणत्या छपराखाली?

भाविक वाचकहो, आपले दैवत विटेवर उभे आहे, आणि ते कोणासाठी उभे आहे हे वारकऱ्याच्या घरातल्या लहान पोरासही ठाऊक असते. पुंडलिक आईबापांची सेवा करीत बसला होता, देव दाराशी आला, पुंडलिकाने वीट पुढे सरकवली आणि थोडे थांबायला सांगितले. देव थांबला, तो अद्याप थांबलेलाच आहे. तेव्हा मातृपितृसेवा हा विषय वारकऱ्याला नव्याने शिकवावा लागत नाही. परंतु जी गोष्ट फार परिचयाची, तिचाच अर्थ आपण पुष्कळदा घाईने लावतो. अशी घाई आमच्या हातून झाली, ती प्रथम सांगतो आणि मग विषयाकडे वळतो.

मागे एका एकादशीला प्रवचन आटोपल्यावर माढ्याकडचे एक माळकरी मागे रेंगाळले. शेतकरी माणूस, पुष्कळ वर्षांचे आमच्या दिंडीतले. मंडळी पांगल्यावर जवळ येऊन हळूच म्हणाले, "महाराज, आईला आश्रमात ठिवावं म्हणतोय. लई विसरती आता. पाप लागंल का?" आम्ही दुसरे काही विचारले नाही. चटकन म्हणालो, "अहो, रोज पुंडलिकाचं नाव घेता आणि आईला घराबाहेर काढता?" ते काही बोलले नाहीत. पायांवर डोके ठेवून निघून गेले. आणि खरे सांगावयाचे तर, आपण चांगले उत्तर दिले असे आम्हांस त्या दिवशी वाटले.

पुढे दोन महिन्यांनी चोपदारांकडून कळले की ती माउली एका रात्री घरातून निघून गेली आणि पहाटे पाटाच्या कडेला चिखलात सापडली. आम्ही त्यांच्या घरी गेलो. पाहतो तो दाराला बाहेरून कडी. सुनेच्या मनगटावर चावल्याचे व्रण. कित्येक महिने ती बाई सलग झोपली नव्हती. म्हातारीच्या तोंडाशी लेक घास नेई, तर "विष घातलंय" म्हणून ती थुंकून टाकी. दिवस कलला तशी तिने लुगड्याचे बोचके बांधले आणि माहेरी जायचे म्हणून दारावर थापा मारू लागली. ज्या घरात साठ वर्षे नांदली ते तिला परके झाले होते. लेकाकडे पाहून म्हणाली, "तुमी कुणाचं वो?" लेक म्हणाला, "तुमचाच की."

तेवढ्यात देवळात हरिपाठ सुरू झाला. कर्ण्यावरून आवाज आला मात्र, म्हातारी बोचके खाली ठेवून बसली आणि टाळी धरून सगळा हरिपाठ न चुकता म्हणाली. पोटचा लेक विसरली, पण नाम राहिले. आम्हांस आमचे उत्तर आठवले, आणि लाज वाटली. त्या घरात पाऊल न टाकताच आम्ही निवाडा केला होता.

आता या विस्मृतीचा विचार करू. काही मंडळी म्हणतात, हे कर्माचे फळ आहे. काही म्हणतात, म्हातारी सोंग करते. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात स्मृतिभ्रंशाचा शब्द आला आहे खरा, परंतु तिथला स्मृतिभ्रंश विषयचिंतनातून आणि क्रोधातून उपजतो. तो साधकाचा दोष आहे. हा तो नव्हे. हा मेंदूचा आजार आहे. डॉक्टर त्याला डिमेन्शिया म्हणतात. त्याचा सर्वांत अधिक आढळणारा प्रकार जर्मनीतील डॉक्टर अल्झायमर यांनी 1906 साली प्रथम मांडला, म्हणून त्याला त्यांचे नाव पडले. मेंदूच्या पेशी हळूहळू मरत जातात. आधी ताजी आठवण जाते, मग वेळ, वाट, माणसे, आणि शेवटी घास गिळणेही अवघड होते. सूर्य मावळताना अशा रोग्याची घालमेल वाढते, हेही त्या आजाराचेच लक्षण आहे. आपल्या देशात साठ वर्षांवरील वृद्धांत शंभरांमागे सुमारे सात जणांना, म्हणजे 88 लाखांच्या आसपास लोकांना हा विकार असावा, असा अंदाज 2023 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिला आहे. तेव्हा एखाद्या दिंडीत अशी घरे नसतील असे कोणी समजू नये.

एक गोष्ट मात्र आधी करावी. थायरॉइडचा बिघाड, बी-बारा जीवनसत्त्वाची उणीव, मनाची उदासीनता, पडल्यामुळे डोक्यात साकळलेले रक्त, यांनीही विसर पडतो, आणि त्यांवर उपाय चालतो. म्हणून डॉक्टरकडून नीट तपासणी झाल्यावाचून कोणाच्याही माथी हा आजार मारू नये.

येथे कोणी शंका घेईल की, महाराज, पुंडलिकाने आईबापांना घरीच सांभाळले, आश्रमात नव्हे. शंका रास्त आहे. परंतु पुंडलिकाची कथा आपण अर्धीच आठवतो. तोच पुंडलिक आधी आईबापांना छळणारा होता. काशीच्या वाटेवर कुक्कुट ऋषींच्या आश्रमात त्याचे डोळे उघडले, आणि मग तो मागे वळला. देवाला त्याच्या घराच्या भिंती आवडल्या नाहीत. साक्षात परब्रह्म दाराशी आले असताही ज्याचे लक्ष आईबापांच्या पायांवरून हलले नाही, ते लक्ष आवडले. आमचा सिद्धांत एवढाच की सेवा लक्षाने होते. घरात ठेवून लक्ष नसेल तर ती सेवा नाही, आणि दुसऱ्या छपराखाली ठेवूनही लक्ष राहिले तर सेवा तुटत नाही.

दुसरेही एक स्पष्ट बोलतो, राग मानू नये. पुष्कळ घरी पुंडलिक म्हणून नाव लेकाचे होते आणि रात्रीचा दिवस सून करते. लेक दिंडीत वीणा घेऊन चालतो, मागे ती एकटी म्हातारीचे मुताचे कपडे धुते, मार खाते, आणि गावाची बोलणीही तीच ऐकते. ज्या रोग्याला आठ प्रहर कोणीतरी जागे लागते, त्याची सेवा एका थकलेल्या जिवावर टाकून वर पुंडलिकाचा दाखला द्यावा, हा अन्याय आहे. आम्ही तो केला. तुम्ही करू नका.

याचा अर्थ उठून सर्वांनी वृद्धाश्रम गाठावा असा नव्हे. घरी माणसे असतील, भाऊबहीण वाटून घेत असतील, पगारी सेविका ठेवण्याची ऐपत असेल, तर ओळखीचे घर हेच त्या रोग्याला बरे. म्हातारी अडचण होते, जमिनीवर सही हवी आहे, पाहुण्यांत लाज वाटते, अशा कारणांनी पाठवणे हे पापच. यात्रेच्या गर्दीत वृद्धाला सोडून निघून जाणारा तर देवाच्या दारी चोरी करतो. 2007 सालच्या कायद्याने वृद्ध आईबापांना असे टाकून देणाऱ्यास 3 महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही सांगितले आहे. परंतु घरी ठेवल्याने रोग्याच्याच जिवाला धोका आहे, सेवा करणारा मोडून पडतो आहे, आणि सर्व उपाय करून झाले आहेत, असे असेल तर चांगली जागा शोधणे हीही सेवाच होय. मात्र ती शोधताना आंधळेपणा नको.

पहिली गोष्ट, सगळेच वृद्धाश्रम अशा रोग्याला घेत नाहीत. पुष्कळ ठिकाणी आपले आपण उठून जेवणारा, हिंडणारा वृद्धच लागतो. म्हणून आजाराचे नाव आधीच सांगावे, लपवू नये. लपवून ठेवले तर महिन्याभरात "घेऊन जा" असा निरोप येतो, आणि त्या जिवाची दोनदा परवड होते. माहितीसाठी ज्येष्ठांकरिता सरकारने चालवलेला 14567 हा फोन आहे, तेथे विचारावे.

दुसरी गोष्ट, जागा एकदा पाहून ठरवू नये. एकदा सांगून जावे, एकदा न सांगता दिवेलागणीला जावे. सांजवेळी रोगी अस्वस्थ होतात, तेव्हा तेथील माणसे कशी वागतात ते पाहावे. दरडावतात की हात धरून फिरवतात? रोग्याला नावाने हाक मारतात की "ए म्हातारे" म्हणतात? भिंतीचा रंग पाहू नये, वास घ्यावा. रोग्यांची नखे, ओठ आणि अंथरूण पाहावे. जेवणाच्या वेळी ताट नुसते पुढे ठेवतात की घास भरवतात, तेही पाहावे.

तिसरी गोष्ट, तोंडावर विचारावे. रात्री जागे कितीजण असतात? रोग्याला बांधून ठेवता काय? झोपेच्या गोळ्या कोणाच्या सांगण्यावरून देता? डॉक्टर किती दिवसांनी येतो, आणि रात्री दुखणे उठले तर कोणत्या दवाखान्यात नेता? अंथरुणाला खिळल्यावर ठेवून घ्याल की परत पाठवाल? अनामत किती, औषधे आणि लंगोटाचा खर्च वेगळा काय? हे सर्व लिहून घ्यावे. आणि जेथे नातलगाला केव्हाही आत येऊ देत नाहीत, तेथून नमस्कार करून परतावे.

चौथी गोष्ट आपल्या वारकऱ्यांची. गळ्यातली तुळशीची माळ ठेवू देतात का, जेवण शाकाहारी असते का, कपाळी बुक्का लावायला आणि सायंकाळी हरिपाठ ऐकवायला कोणी आहे का, हे विचारावे. याला कोणी खूळ म्हणेल. परंतु तालासुरात जन्मभर म्हटलेले पाठ अशा रोग्याजवळ फार काळ टिकतात, हे डॉक्टरही जाणतात. जे उरले आहे तेच काढून घेऊ नये. सोबत तिची जुनी गोधडी, टाळ आणि पांडुरंगाची तसबीर द्यावी. तिला काय आवडते, कशाला भिते, कोणत्या नावाने ओ देते, हे एका कागदावर लिहून सेविकेच्या हाती द्यावे.

आमच्या त्या माळकऱ्यांनी पुढे चार जागा पाहिल्या. त्यांतील एक फार देखणी होती, पण तेथे सहा वाजताच सर्वांना खोलीत घालून कडी लावीत. ती सोडली. शेवटी एक लहानशी जागा पसंत पडली. तेथे माळेचा प्रश्न निघाला. दोरा कशात अडकून गळ्याला फास बसेल ही सेविकेची भीती, आणि माळ काढणे लेकाला सोसेना. अखेर जरा ओढ बसताच तुटेल अशा कच्च्या दोऱ्यात माळ ओवून दिली, आणि दोघांचेही समाधान झाले.

पहिला महिना म्हातारी रडली. लेकही रडला. अजूनही काही दिवस ती शांत असते, काही दिवस नसते. आजार बरा झालेला नाही, होणारही नाही. परंतु सून आता झोपते, आणि सासूला भेटायला जाते तेव्हा तिच्या मनात राग नसतो. लेक दोन्ही एकादशींना जातो, केस विंचरतो, हाताने भरवतो, शेजारी बसून हरिपाठ म्हणतो. दर खेपेस ती विचारते, "तुमी कुणाचं वो?" तो म्हणतो, "वारकरी हाय, आई." ती म्हणते, "मग बसा की."

सज्जनहो, वारी म्हणजे तरी काय? एकदा जाऊन आलो आणि झाले, याला कोणी वारी म्हणत नाही. पुन्हा पुन्हा जाणे ती वारी. पांडुरंग आपल्याला नावाने हाक मारीत नाही, तरी आपण आषाढी-कार्तिकी चुकवीत नाही. मग आईने ओळखले नाही म्हणून तिची वारी का चुकवावी? जो आईला आश्रमात ठेवील त्याने ही वारी अंगावर घ्यावी. ज्याला ती साधणार नसेल त्याने ठेवण्यापूर्वी दहादा विचार करावा.

आणि आम्हां प्रवचनकारांनीही एवढे शिकावे की कोणी असा प्रश्न घेऊन आला तर आधी त्याच्या घरी जावे, मग उत्तर द्यावे. झाल्या चुकीबद्दल त्या माउलीच्या लेकाची आणि सुनेची आम्ही क्षमा मागितली आहे. ज्या घरांत आज अशी विस्मृती नांदत असेल तेथील सेवकांना बळ मिळो, आणि रोग्याच्या मुखी अखेरपर्यंत नाम राहो, हीच पंढरीनाथाच्या चरणी प्रार्थना.

रामकृष्णहरि!