घर सोडण्याची वेळ : मालक व भाडेकरू यांचें कर्तव्य

घर किंवा शेत भाड्यानें देतांना व घेतांना उभय पक्ष बहुधा गोड बोलतात. एकाला उत्पन्न हवें असतें, दुसऱ्याला आसरा हवा असतो. म्हणून त्या दिवशीं कोणाच्याच सचोटीची परीक्षा होत नाहीं. परीक्षा होते ती जागा सोडण्याच्या वेळीं. तेव्हां मालकाला त्या भाडेकरूपासून पुढें कांहीं मिळावयाचें नसतें, व भाडेकरूला त्या मालकाची पुन्हां गरज लागावयाची नसते. अशा प्रसंगीं जो न्यायानें वागतो तोच खरा न्यायी. यास्तव ह्या लेखांत एका प्रश्नाचा विचार करण्याचें योजिलें आहे : कायद्यानें जो हक्क आपल्या हातीं दिला आहे, तो पुरता बजावणें हें सर्वदा योग्य असतें काय?

प्रिय वाचकहो, हा प्रश्न केवळ शहरच्या लोकांचा आहे असें समजूं नका. आज खेडेगांवांतील पुष्कळ कुटुंबें एकाच वेळीं मालकही आहेत आणि भाडेकरूही आहेत. मुलगा पुण्याच्या कारखान्यांत लागतो व तेथें खोली घेऊन राहतो. मुलगी परिचारिकेचें शिक्षण घेण्यास जिल्ह्याच्या गांवीं जाते. आणि इकडे बाप रस्त्याच्या कडेला दोन खोल्या बांधून त्या शाळेच्या शिक्षकांस भाड्यानें देतो. जो मनुष्य सकाळीं भाडेकरूला पावती देण्यास टाळाटाळ करतो, तोच संध्याकाळीं मुलाच्या खोलीची पावती मिळाली नाहीं म्हणून कुरकुरतो. तेव्हां ह्या विषयांत दोन्ही बाजू आपल्याच आहेत.

आपल्या वडीलधाऱ्यांना हा विषय शेताच्या रूपानें ठाऊक होता. पूर्वीच्या कुलाबा, आतांच्या रायगड जिल्ह्यांत खोत व कुळें यांचा तंटा इतका विकोपास गेला कीं चरी गांवच्या आसपास १९३३ सालीं कुळांनीं शेतें कसण्याचें सोडलें, आणि तो संप १९३९ पर्यंत चालला. पुढें १९४८ सालीं मुंबई प्रांताचा कुळकायदा झाला, व त्याच्या दुरुस्तीअन्वयें १ एप्रिल १९५७ पासून पुष्कळ कुळें आपण कसत असलेल्या जमिनीचीं खरेदीदार मानलीं गेलीं. ह्या कायद्यांतील एक बारीक तरतूद विचार करण्याजोगी आहे. कुळानें जमीन आपखुषीनें सोडली, असें नुसतें मालकानें म्हटल्यानें भागत नाहीं. कुळाचा राजीनामा लेखी असावा लागतो, व मामलेदारापुढें त्याची खातरजमा व्हावी लागते. असें कां? दुबळ्याचा अंगठा कागदावर उठला म्हणजे त्याच्या मनानेंही होकार दिला असें होत नाहीं, हें कायदा करणाऱ्यांना ठाऊक होतें. म्हणून "त्यानें खुषीनें सोडलें" हे शब्द ऐकले कीं ती खुषी कोठून आली हें आपणही तपासून पाहावें.

शेत व घर यांच्या मुदतींत कायद्यानें जो भेद केला आहे, त्यांतही मोठा बोध आहे. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरणाच्या कायद्याप्रमाणें, वेगळा करार किंवा स्थानिक कायदा नसेल तर, शेतीचा पट्टा संपविण्यास सहा महिन्यांची नोटीस लागते. राहत्या घराच्या महिनेवारी भाड्यास पंधरा दिवसांची पुरते. पेरलेलें पंधरा दिवसांत पिकत नाहीं, हें कोणाही शेतकऱ्याला सांगावयास नको. इतकेंच नव्हे, तर ज्या पट्ट्याची मुदत ठरलेली नाहीं तो कसणाऱ्याचा दोष नसतां संपला, तर त्यानें पेरलेलें उभें पीक काढून नेण्याचा हक्क तोच कायदा त्याला देतो. जमीन मालकाची खरी. परंतु तिच्यांत दुसऱ्याचा घाम उभा असतांना तिच्यावर नांगर फिरवूं नये, असा ह्याचा अर्थ.

आमचें म्हणणें असें आहे कीं राहत्या घरांतही उभें पीक असतें. मुलांचें शाळेचें वर्ष, जवळच्या दवाखान्यांत चाललेलें आजाऱ्याचें औषधपाणी, बाळंतिणीचे दिवस, नुकतीच लागलेली नोकरी, हीं तीं पिकें होत. तीं सात-बाराच्या उताऱ्यावर चढत नाहींत, म्हणून पंधरा दिवसांच्या नोटिशीला तीं दिसत नाहींत. शेजाऱ्याला मात्र दिसतात.

समजा, एका शिक्षकाचा करार जानेवारीअखेर संपतो, आणि त्याची मुलगी मार्च महिन्यांत दहावीच्या परीक्षेस बसणार आहे. मालकाला दुसरा कोणी दरमहा हजार रुपये अधिक देण्यास तयार आहे. करार संपल्यावर ताबा मागण्याचा हक्क मालकाचा आहे, ह्यांत शंका नाहीं. तथापि दोन महिन्यांचे दोन हजार रुपये एका पारड्यांत घातले आणि मुलीचें वर्ष दुसऱ्या पारड्यांत घातलें, तर जड कोणतें हें समजण्यास वकील लागत नाहीं. उलटपक्षीं, मालकाचा भाऊ आजारी होऊन गांवीं परत येत असेल व त्याला दुसरीकडे निवारा नसेल, तर पारडें फिरतें. मग शिक्षकानें दुसरी जागा शोधली पाहिजे, आणि मालकानें त्या शोधांत त्याच्याबरोबर हिंडलें पाहिजे. गरज व लोभ हीं दोन्ही एकच नोटीस पाठवितात. पाठविणाऱ्यानें मात्र आपल्या मनांत तीं वेगळीं ओळखावीं.

महाराष्ट्राचा १९९९ चा भाडे नियंत्रण कायदा, जो ३१ मार्च २००० पासून अमलांत आला, तो ज्या शहरांना लागू आहे तेथें न्यायाधीशाच्या हातीं असाच तराजू देतो. भाडेकरूनें घेतलेली जागा मालकाला स्वतःसाठीं खरोखर पाहिजे असें सिद्ध झालें, तरी ताबा दिल्यानें किंवा न दिल्यानें अधिक हाल कोणाचे होतील हें न्यायालयानें पाहावयाचें असतें. भाडेकरूचे हाल अधिक ठरले तर ताब्याचा हुकूम मिळत नाहीं. जो प्रश्न न्यायाधीश दावा चालल्यावर विचारतो, तो आपण पहिल्याच दिवशीं ओसरीवर बसून एकमेकांस कां विचारूं नये?

परंतु दुबळी बाजू नेहमीं भाडेकरूचीच असते असें नाहीं. १९४७ च्या मुंबईच्या भाडेकायद्यानें पुष्कळ जुन्या जागांचें भाडें १ सप्टेंबर १९४० च्या दरावर बांधून टाकिलें. त्या टंचाईच्या काळीं गरिबाला आधार पाहिजेच होता, आणि कोंकणांतून व घाटावरून मुंबईच्या गिरण्यांत गेलेल्या पुष्कळ कुटुंबांचे संसार ह्या कायद्याच्या सावलींत टिकले. परंतु पन्नास वर्षें लोटलीं. सर्व वस्तूंचे भाव चढले, भाडें तेवढें तेथेंच राहिलें. त्या भाड्यांत गिलावा करणेंही परवडेना, व चाळी मोडकळीस आल्या. १९९७ च्या डिसेंबर महिन्यांत सर्वोच्च न्यायालयानें असें ठरविलें कीं भाडें याप्रमाणें गोठवून ठेवणें एके काळीं रास्त असलें तरी आतां तें रास्त राहिलें नाहीं. पुढें नव्या कायद्यानें दरसाल शेंकडा चार वाढ घेण्याची मालकाला मोकळीक दिली.

समजा, अशा एका जुन्या घराची मालकीण विधवा आहे, व दोन खोल्यांवांचून तिला दुसरा आधार नाहीं. भाडेकरूनें गांवीं नवें घर बांधलें आहे, आणि शहरांतील खोलीस कुलूप लावून ठेविलें आहे. सबळ कारणावांचून सहा महिने जागा वापरली नाहीं तर तिचा ताबा मागतां येतो, असें कायदा सांगतो. पण दावा लांबतो, आणि हा मनुष्य त्या दिरंगाईच्याच आश्रयास राहतो. किल्ली परत देण्याबद्दल तो मोठी रक्कम मागतो. गरीब तो भाडेकरू व श्रीमंत तो मालक, हें गणित येथें उलटें झालें आहे. म्हणून दुबळा कोण, हें मालकीच्या कागदावरून न ठरवितां प्रत्येक वेळीं माणसाकडे पाहून ठरवावें लागतें.

कोणी म्हणेल, "दया दाखविली कीं भाडेकरू कायमचा बसतो. एकदां मुदत वाढविली, दुसऱ्यांदां वाढविली, मग घर गेलेंच समजा." ही भीति खोटी नाहीं; असें झालेलीं घरें आपणांस ठाऊक आहेत. परंतु त्यासाठीं दया सोडूं नये. ती लिहून ठेवावी. दोन महिन्यांची सवलत द्यावयाची तर तारीख घालून, दोघांच्या सह्या व दोन साक्षी घेऊन कागद करावा, आणि जरूर तेथें तो नोंदवावा. वर सांगितलेला १९९९ चा कायदा जेथें लागू आहे तेथें करार लेखी व नोंदविलेला असलाच पाहिजे, मग तो अकरा महिन्यांचा कां असेना. नोंदणीची जबाबदारी मालकावर आहे, आणि लेखी नोंदविलेला करार नसला तर अटींविषयीं भाडेकरूचें म्हणणें, उलट सिद्ध होईपर्यंत, खरें धरलें जातें. ज्याला लीव्ह अँड लायसन्स म्हणतात त्या करारानें राहणारा मुदतीनंतर जागा अडवून बसला, तर त्याच्यापासून दुप्पट रक्कम मागतां येते. इतका आधार असतां नळ तोडणें, वीज बंद करणें, कौलें काढणें, बायकामुलांदेखत सामान अंगणांत फेकणें, ह्या मार्गास कोणीं जाऊं नये. पाणी व वीज तोडण्यास तर ह्या कायद्याची उघड मनाई आहे.

शास्त्रांतही ह्या मर्यादेचा विचार आला आहे. अनुवादाच्या चोविसाव्या अध्यायांत धनकोला सांगितलें आहे कीं गहाण वस्तु घेण्यासाठीं त्यानें ऋणकोच्या घरांत शिरूं नये, बाहेर उभें राहावें, व ऋणकोनें ती बाहेर आणून द्यावी. देणें खरें असलें तरी मागणाऱ्याचा हक्क उंबरठ्यापाशीं थांबतो. लेवीयाच्या पंचविसाव्या अध्यायाप्रमाणें तर जमिनीचे मालक म्हणविणारेही देवापाशीं उपरेच आहेत. आणि पौल रोम शहरांत दोन वर्षें भाड्याच्या घरांत राहिला, हें प्रेषितांच्या कृत्यांत लिहिलें आहे. मग भाडेकरू असण्यांत कमीपणा तो कसला?

उपदेशक व पंच यांना अशा तंट्यांत पुष्कळदां बोलावणें येतें. त्यांनीं चार गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. पहिली, घर देतांनाच भिंती, दारें, नळ व दिवे कसे आहेत हें लिहून ठेवण्यास सांगावें. नित्याच्या वापरानें होणारी झीज भाडेकरूच्या माथीं मारूं नये. त्यानें मोडलेली चौकट मात्र त्यानेंच नीट करून द्यावी. दुसरी, भाड्याची पावती दरमहा द्यावी व ती जपून ठेवावी. तिसरी, सोडण्याची सूचना दोघांनींही वेळेवर व लेखी द्यावी. मालकानें एकाएकीं निघावयास सांगणें जसें अन्यायाचें, तसेंच भाडेकरूनें बाकी बुडवून रातोरात निघून जाणेंही अन्यायाचें. कारण त्या भाड्यावर कोणाच्या कर्जाचा हप्ता अवलंबून असेल. चौथी, किल्ली व अनामत रक्कम यांची देवघेव एकाच बैठकींत व्हावी. विजेचें बिल, थकलेलें भाडें व खरें नुकसान वजा करून उरलेली पै न् पै तेथेंच मोजून द्यावी. अनामत ही ठेव आहे. ती खर्चून टाकून मग भिंतीवरचे खिळे मोजीत बसणें हें सचोटीचें नव्हे.

सारांश, कायद्यानें आंखलेली मर्यादा ही शेवटली मर्यादा होय. तिच्या टोकापर्यंत प्रत्येक वेळीं गेलेंच पाहिजे असें नाहीं. कराराची तारीख पाहण्यापूर्वीं मालकानें त्या घरांत कोणतें पीक उभें आहे तें पाहावें; आणि कायद्याचें कलम शोधण्यापूर्वीं भाडेकरूनें मालकाच्या चुलीकडे पाहावें. भाडेकरूनें घर झाडून स्वच्छ करून द्यावें, मालकानें हिशेब चुकता करून निरोप द्यावा. म्हणजे पुढें कधीं आठवड्याच्या बाजारांत ते समोरासमोर आले, तर दोघांनाही एकमेकांची क्षेमकुशलता मोकळ्या मनानें विचारतां येईल.