कर्ता कुठे गेला?

'जनसंपर्क' या शब्दात जन आहे आणि संपर्क आहे. दोहोंबद्दल कुणाची तक्रार असू नये. तरीही या व्यवसायाचे नाव काढले की आपल्या लोकांच्या ओठांवर एक विशिष्ट हसू उमटते. "म्हणजे काळ्याचं पांढरं करायचं, असंच ना?" असे यंदाच्या उन्हाळ्यात मला अनेकांनी विचारले. मी पत्रकारितेच्या पदव्युत्तर वर्गात शिकते. अभ्यासक्रमाचा भाग म्हणून, बेळगाव-हुबळी भागातले काम पाहणाऱ्या एका जनसंपर्क संस्थेत मी दोन महिने उमेदवारी केली. ती संपली, प्रमाणपत्र मिळाले, पण एक प्रश्न उरला. दुसऱ्याच्या वतीने शब्द निवडणे आणि खोटे बोलणे यांच्यातली सीमा नेमकी कुठे आहे?

कामाचे स्वरूप साधे होते. सकाळी मराठी, कन्नड, इंग्रजी दैनिके चाळून ग्राहक-कंपन्यांच्या बातम्यांची कात्रणे काढायची, स्तंभ आणि सेंटिमीटर मोजायचे, आणि तेवढी जागा जाहिरातीसाठी घेतली असती तर किती पैसे पडले असते ते कोष्टकात भरायचे. जाहिरातीच्या दराने जनसंपर्काचे मोल ठरत नाही, हे तत्त्व या व्यवसायातल्याच मंडळींनी 2010 साली बार्सिलोनाच्या परिषदेत मान्य केले. आमच्या कचेरीतले कोष्टक मात्र सुखरूप होते. दुपारी प्रसिद्धिपत्रके लिहायची. त्यात अवतरणचिन्हांत संचालकांचे उद्गार असतात. ते पुष्कळदा माझ्यासारखी उमेदवार मुलगीच लिहिते, वरिष्ठ तपासतात, संचालक मान्यता देतात. सुरुवातीला हे खटकले. मग वाटले, भाषणे लिहून देणारे पूर्वीपासून आहेत. मजकूर वाचून, समजून माणूस त्याखाली सही करतो, तेव्हा तो मजकूर त्याचाच होतो. शब्द उसने घेतले म्हणून ते खोटे ठरत नाहीत.

आणि खरे सांगायचे तर हा व्यवसाय आपल्या घराघरांत चालतो. आपल्या भागात कन्नड शाळेत शिकलेली नात मराठी आजीला घेऊन सरकारी कचेरीत जाते. आजी चिडून म्हणते, "याला म्हणावं, तीन खेटे झाले, आता काय जीव घेतोस?" नात कन्नडमध्ये सांगते, "साहेब, आजी तिसऱ्यांदा आल्या आहेत, जरा पाहता का?" कारकुनाचे तुटक उत्तरही ती आजीला थोडे मऊ करून सांगते. ही लबाडी आहे का? मला तसे वाटत नाही. तीन खेटे झाले, ही गोष्ट दोन्ही भाषांत शाबूत राहिली. धार गेली, मजकूर गेला नाही. शिवाय आजी शेजारीच उभी आहे. नात भलतेच बोलली तर कारकुनाच्या चेहऱ्यावरून तिला ते कळेल.

कचेरीत माझ्यासमोर जे पत्रक आले त्याची गोष्ट वेगळी होती. एका गृहबांधणी कंपनीने सदनिकांचा ताबा ठरल्या तारखेला दिलेला नव्हता. ग्राहकांत निवृत्त मंडळी बरीच. घरभाडेही भरायचे आणि कर्जाचा हप्ताही, असा त्यांचा दुहेरी खर्च चालू होता. मूळ पत्रक इंग्रजीत होते: 'पझेशन हॅज बीन डिलेड', आणि कंपनी 'रिग्रेट' व्यक्त करते. त्याचे मराठी आणि कन्नड करण्याचे काम माझ्याकडे आले.

इथे भाषेने मला अडवले. 'रिग्रेट' या एका शब्दात बऱ्याच गोष्टी झाकल्या जातात. मराठीत मात्र निवड करावी लागते: खेद की माफी? कन्नडमध्येही तेच: 'विषाद' की 'क्षमे'? खेद दुरूनही वाटतो, पावसाबद्दलही वाटतो. माफी मागायची तर आपण काही केलेले असावे लागते. आणि क्रियापदाचे काय? मराठीत 'विलंब झाला', कन्नडमध्ये 'विळंबवागिदे'. दोन्ही वाक्ये शुद्ध, दोन्ही खरी, आणि दोन्हींत विलंब करणारा कुणीच नाही. मी 'आम्ही ताबा वेळेवर देऊ शकलो नाही, याबद्दल ग्राहकांची माफी मागतो' असे लिहिले. वरिष्ठ बाईंनी ते खोडले आणि 'विलंब झाला असून कंपनीस खेद आहे' असे केले.

"अगं, आपण खोटं कुठं लिहितोय?" त्या शांतपणे म्हणाल्या. "वकील नाही का अशिलाची बाजू मांडत? आपणही तेच करतो."

हे म्हणणे उडवून लावण्यासारखे नाही. अफवेने बदनाम झालेल्या कारखान्यालाही बोलायला कुणीतरी हवे असते. पण न्यायालयात समोर दुसरा वकील उभा असतो आणि कोण कुणाच्या वतीने बोलतो हे न्यायाधीशाला ठाऊक असते. सकाळी चहाबरोबर पेपर वाचणाऱ्याला ते ठाऊक नसते. प्रसिद्धिपत्रक त्याच्या हाती बातमी म्हणून येते. 2016 च्या स्थावर संपदा कायद्याने ताब्याला उशीर झाल्यास त्याची जबाबदारी प्रवर्तकावर टाकली आहे. कायद्याला सापडलेला कर्ता आमच्या पत्रकाला मात्र सापडला नाही.

या व्यवसायाचा एक आद्य पुरुष म्हणजे अमेरिकेतला आयव्ही ली. त्याने 1906 साली जाहीर केले, की आमचे काम उघड चालेल आणि आम्ही दिलेली माहिती संपादकांनी खुशाल पडताळावी. तत्त्व उत्तम. पुढे 20 एप्रिल 1914 रोजी कोलोरॅडोतील लडलो येथे संपकरी खाणकामगारांच्या तंबूंवर हल्ला झाला, त्यात बायका-मुलेही मेली. त्यानंतर लीने खाणमालकांच्या बाजूने पत्रके काढली. युनियनच्या पुढाऱ्यांना मिळालेली वर्षाची रक्कम त्यांत नऊ आठवड्यांची म्हणून छापली गेली. कंपनीने दिलेले आकडे लीने पडताळलेच नव्हते. संपादकांना पडताळायला सांगणाऱ्याने स्वतः ते केले नाही, कारण आकडे त्याच्या दृष्टीने अशिलाचे होते, त्याचे नव्हते.

मला वाटते, सीमा इथे आहे. सौम्य बोलणे हा शिष्टाचार आहे, आपल्यासारख्या दोन भाषांत राहणाऱ्यांना तर ते रोज लागते. कर्ता गाळणे ही निराळी गोष्ट आहे, कारण कर्ता गेला की भरपाई कुणाकडे मागायची हेही जाते. मला यातून एक साधी कसोटी मिळाली. ज्याच्याबद्दल आपण लिहितो, त्याच्यासमोर, त्याच्या भाषेत, हे वाक्य मोठ्याने वाचता येईल का? हप्ता आणि भाडे दोन्ही भरणाऱ्या निवृत्त मास्तरांसमोर 'विलंब झाला' हे वाक्य वाचून पाहावे. ते एवढेच विचारतील, "कुणी केला, बाळ?"

पुढे पोटासाठी हाच व्यवसाय करावा लागेल की काय, मला माहीत नाही. करावा लागला तर वाक्ये खोडली जातील, हेही दिसते. पण खोडायला तरी कर्त्यासकट वाक्य आधी कुणीतरी लिहिलेले असले पाहिजे. तेवढे माझ्या हातात आहे.