ऐकणाऱ्याची जबाबदारी

एखाद्या कलावंतावर प्रेम करणारा माणूस त्याचे ऐकतोच, असे आपण गृहीत धरतो. मला आता तशी खात्री वाटत नाही.

२०२० च्या मार्चमधली गोष्ट. देशात टाळेबंदी लागून दोनच दिवस झाले होते. कोल्हापूरचे रस्ते ओस पडले होते आणि माणसे घरात मोबाइल घेऊन बसली होती. २७ मार्चला अमेरिकेचे बुजुर्ग गीतकार बॉब डिलन यांनी कसलीही पूर्वसूचना न देता एक गाणे प्रसिद्ध केले. वय ७८, २०१६ चे साहित्याचे नोबेल नावावर, आणि स्वतः लिहिलेले नवे गाणे देऊन आठ वर्षे झालेली. गाणे जवळजवळ १७ मिनिटांचे! ‘मर्डर मोस्ट फाउल’ हे नाव शेक्सपिअरच्या ‘हॅम्लेट’मधले, विषय, २२ नोव्हेंबर १९६३ रोजी डॅलस शहरात झालेली राष्ट्राध्यक्ष केनेडी यांची हत्या. साथीला पियानो, व्हायोलिन आणि जरासा ताल. आवाज गाण्यापेक्षा बोलण्याच्या जवळचा. हत्येपासून निघालेले हे गाणे शेवटी रेडिओच्या निवेदकाकडे एकामागून एक जुन्या गाण्यांची फर्माईश करत राहते.

चाहत्यांची धांदल उडाली. गाण्यात आलेल्या नावांच्या याद्या झाल्या, ओळीओळीचे अर्थ लावले गेले. कुणाला रडू आले, कुणाला कंटाळा. एप्रिलमध्ये बिलबोर्डच्या एका यादीत ते पहिले आले. डिलन यांच्या स्वतःच्या आवाजातल्या गाण्याला असा मान पहिल्यांदाच मिळाला. यांतल्या किती जणांनी गाणे ऐकले आणि किती जणांनी गाणाऱ्याचे नाव ऐकले? डिलनचे आहे म्हणजे थोरच असणार, हा निकाल द्यायला १७ मिनिटे लागत नाहीत. एक क्षण पुरतो.

हा प्रश्न मला दूरचा वाटत नाही, कारण तो माझ्या शाळेत घडला आहे. मी उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो. एका वर्षी स्नेहसंमेलनात आठवीच्या एका मुलाने तानाजीचा पोवाडा बसवला. मराठी उच्चार घासूनपुसून घेतले, डफ कुठून तरी मागून आणला, दोन मित्रांना झीलकरी केले. निवेदकाने त्याचे नाव आणि पोवाड्याचा विषय एका दमात सांगितला, तशी पाहुण्यांच्या रांगेतून टाळ्यांचा कडकडाट झाला. मुलाने अजून तोंडही उघडले नव्हते! टाळ्या संपल्या आणि पाहुणे आपापसांत बोलायला लागले. कार्यक्रम लांबला होता. चौथ्या मिनिटाला मीच विंगेतून खूण करून त्याला थांबवले. खाली उतरल्यावर तो एवढेच म्हणाला, “सर, तानाजी अजून गडावर चढलाच नव्हता.”

त्या टाळ्या कशाला होत्या, याचा मी पुष्कळ विचार केला. मुसलमान मुलगा शिवकालाचा पोवाडा गातो, या बातमीला त्या होत्या. बातमी कळली, कौतुक झाले, काम संपले. गाण्याची कुणाला गरज उरली नव्हती. आणि ज्याला ती असायला हवी होती, तो मास्तर घड्याळ बघत होता.

आपणही आपल्या माणसांशी असेच वागतो. व्यासपीठावर कुणी मराठी मुसलमानांचे योगदान विचारले की आपण छाती पुढे काढून शाहीर अमर शेख यांचे नाव घेतो. बार्शीचे मेहबूब हुसेन पटेल, अण्णा भाऊ साठे आणि द. ना. गवाणकर यांच्यासोबत लाल बावटा कलापथकात गाजलेले, संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात गावोगावी गायलेले. पण त्यांचे ‘कलश’ आणि ‘धरतीमाता’ हे कवितासंग्रह आपल्यापैकी किती घरांत आहेत? माझ्या घरात कालपरवापर्यंत नव्हते. ‘शाहीर’ हा शब्द अरबी ‘शाइर’वरून आला, हे आपण अभिमानाने सांगतो. शब्द आपला, माणूस आपला. त्याचे म्हणणे मात्र ऐकायचे राहून गेले.

कुणी म्हणेल, लांबी म्हणजे गुण नव्हे. कबूल. रटाळ गाणे १७ मिनिटे सोसणे हे काही पुण्य नाही. पोवाडा गाणाराही हे जाणतो. म्हणून तर तो मध्येच गद्यात संवाद घालतो, झीलकऱ्यांच्या ‘जी जी’ने श्रोत्याला जागे ठेवतो. ऐकणाऱ्याला धरून ठेवणे ही गाणाऱ्याची जबाबदारी आहेच. श्रोत्याला उठून जायची मुभा आहे. पण जो मध्येच उठला त्याला निकाल द्यायची मुभा नाही, ना निंदेचा, ना स्तुतीचा. सूफींनी समाअसाठी योग्य वेळ, योग्य जागा आणि योग्य सोबती या तीन अटी सांगितल्या आहेत. तिन्ही अटी ऐकणाऱ्याला बांधतात, हे मला महत्त्वाचे वाटते.

प्रश्न गाण्यापुरता असता तर एवढे लिहिले नसते. जून २०२३ मध्ये मोबाइलवरच्या स्टेटसवरून आपल्या कोल्हापुरात काय झाले, ते आपण सर्वांनी पाहिले. नाव ऐकून टाळी वाजवणारा आणि नाव ऐकून दगड उचलणारा यांत फरक मोठा आहे, पण एक गोष्ट सारखी आहे: दोघांनीही पुढचे ऐकलेले नसते. कुणी बातमी आणली तर आधी तिची शहानिशा करा, असे सूरह हुजुरात सांगते. शहानिशा म्हणजे तरी काय? पूर्ण ऐकून घेणे, ही तिची पहिली पायरी.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मी त्या मुलाला बोलावले आणि सगळा पोवाडा म्हणायला सांगितले. त्याने मान खाली घातली. “आता नको, सर,” म्हणाला. डफ परत देऊन झाला होता. मीही आग्रह केला नाही. न ऐकलेल्या गाण्याचे हे कर्ज तेव्हापासून माझ्या अंगावर आहे, आणि ते सवडीने फेडता येईल असे मला वाटत नाही.