उपकार नव्हे, देणे



घरात सून गरोदर असली की आपण कौतुकाने म्हणतो, "तिची काळजी घ्या हो!" पण ही काळजी म्हणजे आपली दया की तिचा हक्क? दया सवडीने करता येते. देणे मात्र वेळेवर फेडावे लागते. ज्याचे त्याला देण्याचा अढळ निश्चय म्हणजे न्याय, असे संत थॉमस अक्वायनस मानतात. गरोदर स्त्रीचे अन्न, विश्रांती आणि औषधपाणी या देण्यातच मोडते.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील ५२.२ टक्के गरोदर स्त्रियांना रक्तक्षय आढळला. लोहाच्या गोळ्या सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. रोज एक, निदान १८० दिवस. गोळी चहाबरोबर घेऊ नये, लिंबूपाण्याबरोबर चालते. पण जी सर्वांत शेवटी जेवते आणि उरलेसुरले खाते, तिला नुसती गोळी किती पुरणार?

"आमच्या वेळी कुठे होते हे लाड? आम्ही शेवटच्या दिवसापर्यंत राबलो," असे वडीलधाऱ्या बायका सांगतात. त्यांच्या कष्टांना आपला नमस्कार. परंतु ज्या वाचल्या त्यांचेच आपण ऐकतो; बाळंतपणात ज्या गेल्या त्यांची साक्ष कोण देणार?

"बाळासाठी तरी खा" हेही अर्धेच सत्य. आई म्हणजे केवळ बाळाचे घर नव्हे. तीही देवाच्या प्रतिमेत निर्मिलेली व्यक्ती आहे. तिचे आरोग्य तिच्यासाठीही मोलाचे आहे.

एलिझाबेथला सहावा महिना असल्याचे कळताच पवित्र मरिया डोंगराळ प्रदेशात त्वरेने गेली. अभिवादन करून ती परतली नाही. सुमारे तीन महिने राहिली, असे संत लूक सांगतो.

आपणही शुभेच्छांवर थांबू नये. पतीने तपासणीला सोबत जावे. प्रसूती कोठे, रात्री वाहन कोणाचे, रक्त लागल्यास देणार कोण, हे आधीच ठरवावे. रक्तस्राव, तीव्र डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी किंवा बाळाची मंदावलेली हालचाल जाणवली तर सकाळची वाट पाहू नये. १०८ ला फोन करून दवाखाना गाठावा.

आणि आज दुपारी जेवायला बसताना पहिले ताट तिचे वाढू या.