कोणतं बोट, मावशी?

पारनेर तालुका पर्जन्यछायेतला. पावसाचा भरवसा नाही, म्हणून गोठ्यात गाई आणि घरखर्च दुधावर. तिथल्या एका वस्तीवरच्या मावशी पहाट-संध्याकाळ हातानं धारा काढत. काही महिन्यांपासून रात्री उजव्या हाताला मुंग्या येऊन त्यांची झोप मोडे. उठून हात झटकला की बरं वाटे. कळ खांद्यापर्यंत चढे, म्हणून सगळ्यांनी खांदाच धरला. कुणी चोळून दिला, कुणी मानेचा एक्स-रे पाहून ‘मणक्यात गॅप’ सांगितला. गळ्यात पट्टा आला, मुंग्या तशाच राहिल्या. हातातून कपबशी सुटू लागली.

शेवटी सून त्यांना पारनेरला एका डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली.

“मावशी, कोणतं बोट बधिर होतं?”

“सगळा हातच होतो की!”

बाईंनी त्यांना डोळे मिटायला लावून बोटाबोटावरून कापसाचा बोळा फिरवला. अंगठा, तर्जनी, मधलं बोट : “कमी कळतंय.” करंगळी : “चांगलं कळतंय.” अनामिकेची मधल्या बोटाकडची बाजू बधिर, करंगळीकडची शाबूत. मान वळवून पाहिली, कळ उठली नाही. मनगटं मिनिटभर वाकवून धरायला लावली, तशा मुंग्या सुरू झाल्या.

“नस मनगटात दबली आहे,” बाई म्हणाल्या. “करंगळी बधिर असती तर आधी कोपर तपासलं असतं. मान वळवताच कळ हातात उतरली असती तर मान.”

“मग तो गॅप?” सुनेनं विचारलं.

“या वयात तो अनेकांच्या एक्स-रेत दिसतो. दिसला म्हणून दुखणं तिथलंच, असं नाही.”

नगरला नसांची तपासणी झाली. दाब मनगटातच निघाला. साखर आणि थायरॉइडही तपासले, कारण त्यांच्या बिघाडानंही ही नस दबू शकते. रात्री मनगट सरळ ठेवणारी पट्टी आली, धारा सुनेनं हाती घेतल्या. काही आठवड्यांत मावशींना सलग झोप लागू लागली.

बोध : दुखतं तिथंच दुखण्याचं मूळ असतं असं नाही, आधी नीट विचारावं, मग उपाय करावा. हाताला मुंग्या येत असतील तर कोणत्या बोटांना, केव्हा आणि काय करताना येतात, हे डॉक्टरांना नेमकं सांगा. अंगठ्याच्या मुळाशी असलेलं मांस आटेपर्यंत थांबू नका. तिथून गेलेली ताकद पूर्ण परत येईलच असं नाही.