माजी मालकाचा हक्क (दासबोध : दशक १, समास १०)

आज पहिल्या दशकातला शेवटचा समास. विषय नरदेहाचा. समर्थ आधी या देहाचं भरभरून कौतुक करतात आणि मग तो आपला कसा नाही हे सांगताना मध्येच घराचा दाखला देतात. ज्यांनी वाचला नसेल त्यांनी आज रात्री जरूर वाचा, कारण हसू येतं. माणूस छाती पुढे काढून म्हणतो की हे घर माझं. तेवढ्यात उंदीर म्हणतो माझं. मग पाल, माशी, कोळी, मुंगी, विंचू, साप, झुरळ, मांजर, कुत्रा, सगळे रांगेत उभे राहून तेच म्हणतात. चोर म्हणतो, राजाची माणसं म्हणतात, शेवटी अग्नीसुद्धा म्हणतो. आणि ज्यानं सगळ्यात मोठ्यानं माझं माझं म्हटलं तोच एक दिवस घर टाकून देश सोडतो.

किती वर्षं वाचतेय हा समास. यंदा लक्षात आलं की या रांगेत एकजण नाहीये. माजी मालक. घर विकून पैसे मोजून घेतल्यावरही जो मनातल्या मनात म्हणत राहतो, की ते घर खरं तर आमचंच.

यंदाच का लक्षात आलं, तर आमचं भोकरचं घर आम्ही विकतोय. इसार झालाय, खरेदीखत व्हायचंय. मुलगी पुण्यात, आम्हा दोघांचे गुडघे बोलायला लागलेत, माडीचा जिना आता चढवत नाही. कारण एवढं साधं आहे.

घर मात्र साधं नाही. घेतलं तेव्हा तीन खोल्या, पुढे ओसरी आणि मागे मोरी एवढंच होतं. त्यानंतरची एकोणीस वर्षं आमचे हे शाळेतून आले की थापी हातात घ्यायचे. स्लॅब आणि वीज सोडली तर बाकी जवळजवळ सगळं आम्ही दोघांनी केलं. स्वयंपाकाचा ओटा माझ्या उंचीचा, म्हणजे बाजारात मिळतो त्यापेक्षा चार बोटं खाली, कारण मी बुटकी. कडप्पा ह्यांनी स्वतः घासून बसवला. शहाबादी फरशी आम्ही दोघांनी ओळंबा आणि लेव्हल पट्टी घेऊन टाकली. उन्हाळ्याच्या सुट्ट्या म्हणजे आमच्याकडे बांधकामाचा हंगाम. भोकरच्या मे महिन्यात दुपारी गिलाव्यावर पाणी मारणं काय असतं हे ज्यानं केलंय त्यालाच कळेल. ओसरीत जमिनीवर फुटक्या कपबश्यांच्या तुकड्यांची नक्षी आहे. दर दिवाळीला वर्षभराचे तुकडे त्यात जायचे. देवघर भिंतीतच कोरलेलं, पूर्वेच्या खिडकीतून सकाळी पावणेसातला ऊन बरोबर रामाच्या पायांवर पडावं असं मोजून. त्यासाठी ह्यांनी आठ दिवस पहाटे भिंतीवर खडूच्या खुणा केल्या होत्या.

आता हे विकायचं म्हणजे नक्की काय विकायचं? खरेदीखताच्या मसुद्यात चतुःसीमा असतात. पूर्वेस अमुक, पश्चिमेस रस्ता, क्षेत्रफळ इतकं चौरस फूट, बांधकाम पक्कं. बस. कपबश्या नाहीत, पावणेसातचं ऊन नाही.

दलालानं पहिल्याच भेटीत सांगितलं, "काकू, तुमची हौस तुमच्याजवळ. घेणारा जागेचे पैसे देतो." मला राग आला होता. पण हौसेला मोल नसतं असं आपणच म्हणतो ना? त्या म्हणीचा दुसरा अर्थ त्या दिवशी समजला. मोल नसतं म्हणजे कुणी मोजूनही देत नाही.

याचा अभ्यासही झालाय. मायकेल नॉर्टन, डॅनियल मोचोन आणि डॅन एरिएली या तिघांचा २०१२ मध्ये छापून आलेला एक शोधनिबंध आहे, त्याला 'आयकिया इफेक्ट' असं नाव पडलं. आयकिया म्हणजे घरी आणून आपणच जोडायचं फर्निचर विकणारी स्वीडनची कंपनी. त्यांचं भारतातलं पहिलं दुकान २०१८ साली हैदराबादला निघालं, म्हणजे आम्हा भोकरकरांना मुंबईपेक्षा जवळच. तर स्वतःच्या हातांनी जोडलेल्या वस्तूला माणूस जास्त किंमत द्यायला तयार होतो, हे त्यांनी प्रयोग करून दाखवलं. मला त्यातली कागदाच्या घड्यांच्या खेळण्यांची गंमत जास्त लागली. नवख्या लोकांनी केलेली वेडीवाकडी खेळणी त्यांना स्वतःला तर कुशल कारागिरांच्या तोडीची वाटलीच, वर दुसऱ्यांनाही ती तशीच वाटतील अशी त्यांची अपेक्षा होती. मोह एकट्यापुरता राहत नाही. जगानंही त्यात सामील व्हावं अशी त्याची मागणी असते. समर्थांच्या यादीतला उंदीरसुद्धा एवढं मागत नाही.

खरा पेच पुढे आला. घेणारं जोडपं तरुण आहे. दुसऱ्यांदा घर बघायला आले तेव्हा तिनं देवघराच्या भिंतीवर हात ठेवून विचारलं, "काकू, ही भिंत पाडता येईल का? हॉल मोठा करायचाय." मी म्हटलं, बघू. रात्री ह्यांना म्हणाले, आपण अट घालू. देवघर मोडायचं नाही, म्हणजे देऊ. हे हसले आणि ओळखीच्या वकिलांना फोन लावून दिला.

वकिलांनी जे सांगितलं ते मी लिहून ठेवलंय. मालमत्ता हस्तांतरणाचा आपला कायदा १८८२ सालचा. त्याचं कलम ११ म्हणतं की मालमत्ता पूर्णपणे दुसऱ्याला दिली आणि तिचा उपभोग अमुकच पद्धतीनं घ्यावा असं लिहून ठेवलं, तरी घेणारा ते लिहिलेलंच नाही असं समजून तिचा उपभोग घेऊ शकतो. शेजारी आपली दुसरी जागा असेल तर तिच्या सोयीपुरता अपवाद आहे, आमची तशी नाही. थोडक्यात, दिलं ते दिलं.

मला त्या क्षणी एकनाथ महाराज आठवले. भागवताच्या अकराव्या स्कंधावरची टीका त्यांनी काशीला १५७३ मध्ये पूर्ण केली, त्यात अवधूताचे चोवीस गुरू येतात. हा अवधूत म्हणजे दत्तात्रेय असं आपण मानतो, आणि दत्तशिखर आमच्याच नांदेड जिल्ह्यात, माहूरला. त्या चोवीस गुरूंत साप आहे. का, तर तो घर बांधायच्या भानगडीत पडत नाही, दुसऱ्यानं बांधलेल्या घरात सुखानं राहतो. प्रवचनात आपण सापाचं कौतुक ऐकतो आणि घरी येतो. वारुळाकडे कुणी बघतच नाही. कणाकणानं ते उभं कुणी केलं? त्या जिवांनी सापाला काही अट घातली का, की आत शीर पण दुसरं बीळ पाडू नको? नागपंचमीला आपण पूजा करतो तिथं लाह्या-दूध सापाच्या नावानं ठेवतो. बांधणारे केव्हाच निघून गेलेले असतात.

तुमच्यातले बरेच जण म्हणतील, ताई, मग प्रश्नच मिटला. अनासक्ती. सोडून द्या. दोन दिवस मलाही वाटलं की मिटला. पण मग भेग आली.

म्हणजे भेग जुनीच आहे. मागच्या खोलीत खिडकीच्या कोपऱ्यापासून तिरकी वर जाते. काळ्या मातीवर घर असलं की हे होतं; ही माती पाणी प्यायली की फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, भिंती तिच्याबरोबर हलतात. आमची भेग एप्रिलपासून उघडते आणि पोळ्याच्या सुमारास इतकी मिटते की बोटालाही लागत नाही. छत धोक्यात नाही, इंजिनिअरला दाखवलेलं आहे. पण दर दोन-तीन वर्षांनी भरावी लागते. घेणारे लोक आले होते ते श्रावणात.

दलाल म्हणाला, पुट्टी मारून एक हात रंग द्या, विषय संपला. आणि खरं सांगू, अनासक्तीची ती जी भाषा आहे ना, तिनं इथं दलालाचीच बाजू घेतली. घर आपलं राहिलंच नाही, तर भेग तरी आपली कशी? विकलं की सुटलो. किती सोयीचं वैराग्य! शहरात हे फार दिसतं. गाडी विकताना, फ्लॅट भाड्यानं देताना, नोकरी सोडताना अर्धवट काम पुढच्याच्या गळ्यात टाकताना आपण एकदम साक्षीभावात जातो.

वकिलांनी त्याच फोनमध्ये कलम ५५ ही सांगितलं होतं. मालमत्तेतला जो महत्त्वाचा दोष विकणाऱ्याला माहीत आहे, घेणाऱ्याला नाही, आणि साधारण काळजीनं बघूनही त्याला सापडला नसता, तो विकणाऱ्यानं सांगितला पाहिजे. न सांगणं हे कायद्याच्या लेखी कपट आहे. म्हणजे एकच कायदा एका कलमात म्हणतो की घरावर हुकूम चालवू नकोस, आणि दुसऱ्यात म्हणतो की तुला ठाऊक आहे ते लपवू नकोस. माझा गोंधळ नेमका उलटा होता. हुकूम ठेवायचा होता, माहिती द्यायची नव्हती.

आणि आम्हा मराठवाड्यातल्या लोकांना घराच्या पोटातली गोष्ट हलक्यानं घेता येत नाही. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट. किल्लारीचा भूकंप. लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत हजारो माणसं झोपेतच गेली. तिथली घरं वाडवडिलांनी हौसेनं आणि कष्टानं बांधलेली, मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती, वर लाकडी तुळयांवर मातीचं माळवद. गळतं म्हणून वर आणखी माती टाकायची, उन्हाळ्यात गार राहतं म्हणून कौतुक करायचं. त्या थरांचं ओझं पिढ्यान्‌पिढ्या वाढत गेलं आणि खाली झोपणाऱ्याला ते दिसत नव्हतं. माती टाकणाऱ्यांना दोष देण्याचा विचारही मनात येत नाही. त्यांना ठाऊकच नव्हतं. पण ज्याला ठाऊक आहे त्याचं काय? नंतर ५२ गावं नव्या जागी वसवली. एकसारखी घरं, सरळ रस्ते. आणि लोकांनी त्या घरांना काय केलं? कुणी पुढे पडवी काढली, कुणी मागं चूल बांधली, कुणी कुंपणाची भिंत घातली. सरकारनं दिलेलं घर हळूहळू प्रत्येकानं आपल्या हातानं आपलं केलं. मोह म्हणा हवं तर. मला त्यात जगायची उमेद दिसते. समर्थांनीही बाराव्या दशकात संसार धड सांभाळूनच परमार्थाकडे वळायला सांगितलंय, घराला हात लावू नका असं ते कुठं म्हणत नाहीत.

नवी मुंबईत बेलापूरला चार्ल्स कोरिया यांनी १९८० च्या दशकात वसाहत बांधली, तीही मुद्दाम अशी की राहणाऱ्यानं पुढे आपल्या ऐपतीप्रमाणे वाढवावी. तिथली कित्येक मूळ घरं आज ओळखू येत नाहीत. बांधणाऱ्यानं हे आधीच मनात धरलेलं होतं. ते मोठं मन माझ्याकडे कुठून यायचं, पण निदान उदाहरण तरी समोर आहे.

तर आम्ही त्या दोघांना पुन्हा बोलावलं. ह्यांनी भेग दाखवली, कोणत्या महिन्यात किती उघडते ते सांगितलं, इंजिनिअरचा कागद दिला. त्यानं खिशातून मोबाइल काढून फोटो घेतले, चार दिवसांनी चाळीस हजार कमी करायला लावले. आम्ही केले. दलाल अजून आमच्याशी नीट बोलत नाही. देवघराच्या भिंतीचं मात्र मी सांगितलं की पाडता येईल, तिच्यावर स्लॅबचा भार नाही. फक्त खालच्या अंगाला पाण्याची नळी तिरकी गेलीय, तिथं ड्रिल मारू नका. हे सांगताना आवाज नीट राहिला का, ते ह्यांना विचारलेलं नाही.

आता मी त्यांच्यासाठी एक वही लिहितेय. सुरुवातीला खूप लिहिलं होतं. मग एक संध्याकाळ बसून प्रत्येक वाक्याला विचारलं, हे त्यांच्या कामाचं की माझ्या? कपबश्यांची पाच पानं फाडली. मोरीच्या चेंबरचं झाकण कोणत्या फरशीखाली आहे ते ठेवलं. ओटा चार बोटं खाली का, हे ठेवलं होतं, मग काढलं. तिची उंची माझ्याहून बरीच जास्त आहे, ती तसाही तो बदलणार. पावणेसातच्या उन्हावर अडकले. ते ऊन भिंत पाडल्यावरही येणारच आहे, फक्त हॉलच्या मधोमध पडेल. शेवटी एक ओळ ठेवली : हिवाळ्यात सकाळी इथं बसायला छान वाटतं.

राम, सीता, लक्ष्मण, मारुती पुण्याला आमच्याबरोबर येतात. कोनाडा राहतो. टाकीचा व्हॉल्व्ह उलटा फिरतो, हे वहीत लिहायचं अजून बाकी आहे.

उद्यापासून दशक दुसरा. समास पहिला, मूर्खलक्षणं. सगळ्यांनी वाचून या.

जय जय रघुवीर समर्थ.